टर्बो की साधं? एका भांडणाचा इतिहास

मोटारींच्या शौकिनांमध्ये एक भांडण गेली पन्नास वर्षं चालू आहे. स्पोर्ट्स कारचं इंजिन टर्बो असावं की साधं? साधं म्हणजे स्वतःच्या ताकदीनं हवा ओढून घेणारं. त्याचं पुस्तकी नाव नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड, पण शौकीन मंडळी नुसतं ‘एनए’ म्हणतात. वरवर पाहता हा श्रीमंतांचा रिकामा उद्योग वाटतो. वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावी बसून त्यावर बोलण्यासारखं काय आहे, असंही कुणी विचारील. पण या भांडणातलं एक मोठं पात्र आमच्या गावापासून शंभर किलोमीटरच्या आत, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार झालं. आणि या भांडणाचा जो निकाल लागला, त्यानं माझ्या हाताखाली मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकलेल्या पोरांच्या पोटापाण्याचं गणित बदललं. म्हणून हा विषय मला रिकामा वाटत नाही.

आधी इंजिनाचा श्वास म्हणजे काय ते पाहू. पिस्टन खाली येतो तेव्हा सिलिंडरमध्ये पोकळी होते आणि बाहेरची हवा आत धावते. जेवढी हवा, तेवढंच इंधन जळणार, आणि जेवढं जळणार तेवढीच ताकद मिळणार. साध्या इंजिनाला हवा मिळते ती फक्त वातावरणाच्या दाबावर. जास्त ताकद हवी असेल तर सिलिंडर मोठे करा, नाहीतर इंजिन जास्त फेऱ्यांनी फिरवा. तिसरा मार्ग लोहाराचा. विस्तव नुसता ठेवला तर तो आपल्या गतीनं जळतो, भाता मारला की लोखंड लाल होतं.

आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं १९०५ साली जे पेटंट घेतलं त्यातली गंमत अशी, की हा भाता हलवायला माणूस नको. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरानंच एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्रानं ताजी हवा दाबून आत ढकलायची. पुढं प्रॉयसेन आणि हान्झेश्टाट डान्झिग या दोन जर्मन जहाजांवर हा प्रयोग सिद्धीला गेला. त्यांच्या डिझेल इंजिनांची ताकद १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० वर गेली. इंजिन तेवढंच, सिलिंडर तेवढेच.

पण या युक्तीत एक खोच आहे, आणि सगळं भांडण त्या खोचेतून निघालं आहे. धूर झाल्याशिवाय भाता हलत नाही, आणि भाता हलल्याशिवाय जोराचा धूर होत नाही. म्हणून पाय दाबला की क्षणभर काही घडत नाही, आणि मग सगळी ताकद एकदम येते. यालाच टर्बो लॅग म्हणतात. साध्या इंजिनात पाय जितका दाबाल तितकं, आणि दाबाल त्या क्षणी मिळतं. वर्गात मी सांगायचो, की एक इंजिन रोज मजुरी घेणारं आहे, दुसरं महिन्याचा पगार एकदम घेणारं.

आमच्या भागात टर्बो हा शब्द आला तो स्पोर्ट्स कारमधून नव्हे, ट्रकमधून. जुना मुंबई-नागपूर रस्ता वैजापुरातून जातो. त्या रस्त्यावर माल घेऊन कसाऱ्याचा घाट चढणाऱ्या ड्रायव्हरला साधं डिझेल इंजिन आणि टर्बो यातला फरक कुणी समजावून सांगावा लागत नव्हता. साधी गाडी घाटात धापा टाकायची, टर्बो गाडी एक गिअर वरचा धरून चढायची. पुढं पुण्याची टाटा सफारी १९९८ साली टर्बो डिझेल घेऊन आली, नाशिकहून महिंद्राची स्कॉर्पिओ २००२ साली २.६ लिटरचं टर्बो डिझेल आणि १०९ अश्वशक्ती घेऊन आली. गावच्या पुढाऱ्यांनी ती डोक्यावर घेतली. टर्बोविषयी इथं कुणाच्या मनात अढी नव्हती. एकच पथ्य जुने ड्रायव्हर पाळायचे. लांबून गाडी धाब्यावर आली की लगेच बंद करायची नाही, दोनेक मिनिटं हळू चालू ठेवायची. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, त्याचा जीव तेलावर असतो, आणि इंजिन बंद झालं की तेल थांबतं. हे त्यांना कुण्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

युरोपात मात्र हा शब्द शर्यतीच्या मैदानातून रस्त्यावर आला. बीएमडब्ल्यूनं १९७३ साली २००२ टर्बो नावाची छोटी गाडी काढली. तिच्या पुढच्या पट्टीवर ‘टर्बो’ हा शब्द उलटा लिहिलेला असायचा, म्हणजे पुढं चाललेल्याला आरशात तो सरळ दिसावा आणि त्यानं बाजूला व्हावं! आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना ही कल्पना नक्कीच आवडली असती. पुढच्याच वर्षी पोर्शेनं ९११ टर्बो दाखवली, तीन लिटर आणि २६० अश्वशक्ती. वळणात ताकद एकदम उसळायची आणि बेसावध चालकाची गाडी फिरायची. तिची दहशत आणि तिची प्रतिष्ठा एकाच वेळी तयार झाली.

आता मुख्य मुद्दा. फॉर्म्युला वनच्या नियमकर्त्यांनी १९६६ साली असं ठरवलं होतं, की साधं इंजिन असेल तर तीन लिटरपर्यंत चालेल, हवा दाबून भरणारं असेल तर फक्त दीड लिटर. म्हणजे भात्याची किंमत त्यांनी दुप्पट धरली. अकरा वर्षं कुणी त्या दीड लिटरच्या वाटेला गेलं नाही. १९७७ साली सिल्व्हरस्टोनला रेनोची पिवळी गाडी टर्बो घेऊन उतरली. ती इतक्यांदा वाफ सोडत बंद पडायची, की लोक तिला पिवळी किटली म्हणू लागले. १९७९ साली त्याच रेनोनं ज्याँ-पिएर जाबुईच्या हातून फ्रान्सची शर्यत जिंकली आणि हसणारे गप्प झाले. १९८३ साली नेल्सन पिके टर्बो गाडीवर जगज्जेता झाला. १९८६ पर्यंत बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं चार सिलिंडरी इंजिन पात्रता फेरीत तेराशेच्या वर अश्वशक्ती देतं असं बोललं जाऊ लागलं. त्याचा ब्लॉक त्याच जुन्या रस्त्यावरच्या गाडीच्या कुळातला होता. दुपटीचा हिशोब साफ चुकला होता.

रॅलीच्या शर्यतींत हाच हिशोब वेगळा होता. तिथं टर्बो इंजिनाच्या सी.सी.ला १.४ नं गुणायचं आणि येईल त्या वर्गात गाडी बसवायची. पुढं तो आकडा १.७ झाला. या गुणाकारापायी काय काय घडलं पाहा. ऑडीच्या पहिल्या क्वाट्रोचं इंजिन २,१४४ सी.सी.चं, गुणाकार केला की तीन हजाराच्या किंचित वर. तीन लिटरच्या वर्गात बसायचं म्हणून १९८४ च्या स्पोर्ट क्वाट्रोत त्यांनी ते २,१३३ सी.सी. केलं. ११ सी.सी.साठी नवं इंजिन! माझ्या दृष्टीनं टर्बोचा खरा इतिहास वेगाचा नाही, या आकडेमोडीचा आहे. भात्याची बरोबर किंमत किती, हे कुणालाच नीट ठरवता आलं नाही, आणि ज्यानं ती चुकीची ठरवली त्याच्या मैदानात त्या चुकीचा फायदा घेणारा जिंकला.

फॉर्म्युला वननं शेवटी टर्बोचा दाब आणि त्याला मिळणारं पेट्रोल कमी करून पाहिलं. १९८८ साली एवढं सगळं बांधून टाकूनही मॅक्लारेन-होंडा या टर्बो गाडीनं १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. मग १९८९ पासून सरळ बंदी. आकाशवाणीवर बोलताना मला इथं आपल्या पेटीची आठवण होते. भाता असलेल्या त्या वाद्यावर आकाशवाणीनं १९४० साली बंदी घातली होती, आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. टर्बोला त्यामानानं लवकर सुटका मिळाली, २०१४ साली. पण परत आला तो १.६ लिटरचा व्ही-सिक्स बनून, आणि मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीनंतर खुद्द तिथल्या आयोजकांनी तक्रार केली, की गाड्यांना आवाजच नाही. कारण उघड आहे. जो धूर पूर्वी गर्जत बाहेर पडायचा, त्यातला जोर आता चक्र फिरवण्यात खर्च होत होता.

आपल्याकडं खऱ्या अर्थानं स्पोर्ट्स कार फार कमी बनल्या. गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन दारांची उघडी गाडी तयार झाली. फायबरचं अंग आणि रेनोचं १.२ लिटरचं साधं इंजिन, जेमतेम ६० अश्वशक्तीचं. नंतर दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीची अवंती २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात आली. इंजिन पुन्हा रेनोचंच, पण दोन लिटरचं टर्बो आणि अडीचशेच्या आसपास अश्वशक्ती. दोन्ही गाड्या फारशा खपल्या नाहीत. पण आपल्या या दोन प्रयत्नांत एकाच कंपनीची दोन इंजिनं, एक या बाजूचं आणि एक त्या बाजूचं, हा योगायोग मला मजेदार वाटतो.

शौकिनांचं खरं भांडण रंगलं ते चार दारांच्या गाड्यांवर. होंडा सिटीचं २००० सालचं व्हीटेक इंजिन दीड लिटरचं, साधं, १०६ अश्वशक्तीचं. फेरे वाढले की त्याचे व्हॉल्व्ह जास्त उघडायचे आणि आवाज बदलायचा. त्या आवाजावर मुंबई-पुण्याची एक पिढी फिदा होती. दुसऱ्या बाजूला शेंद्रा. स्कोडानं २००१ साली तिथं ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली, आणि २००४ साली तिचा आरएस अवतार आला. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती, आणि पावणेदोन हजार फेऱ्यांनाच पूर्ण ओढ. पेट्रोल गाडीत टर्बो ही गोष्ट तोवर आपल्या रस्त्यांवर जवळजवळ नव्हतीच. त्या काळी औरंगाबाद असलेल्या, आज छत्रपती संभाजीनगर झालेल्या शहरात ही गाडी वळून वळून पाहिली जायची. (याच शहरानं २०१० च्या ऑक्टोबरात एका फटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या, म्हणजे हौसेला इथं कधीच तोटा नव्हता.)

माझे दोन जुने विद्यार्थी आहेत. एकानं जुनी सिटी व्हीटेक घेतली, दुसऱ्यानं काही वर्षांनी जुनी ऑक्टाव्हिया आरएस. दोघं आले की माझ्या अंगणात जुंपायची.

“सर, याच्या गाडीला आधी अर्ज द्यावा लागतो, मग पिकअप मंजूर होतो,” सिटीवाला म्हणायचा.

“आणि याची गाडी सर, नुसती ओरडते. पाच हजार फेऱ्यांशिवाय हलत नाही. मी चौथ्यातच ओव्हरटेक करून मोकळा होतो.”

दोघंही खरं बोलत होते. आरएसवाल्याकडं आणखी एक हुकमी पान होतं. पुण्यात नेऊन लॅपटॉप जोडला आणि टर्बोचा दाब थोडा वाढवला, की गाडीत अर्ध्या दिवसात तीसेक घोडे वाढतात. साध्या इंजिनात तेवढी वाढ करायची तर हेड उतरवून वाटा घासा, कॅमशाफ्ट बदला, दोन आठवडे गॅरेजमध्ये काढा आणि तरी निम्मंच पदरात पडतं. सिटीवाल्याचं म्हणणं होतं, की तेच तर खरं कसब. मी मनातून त्याच्या बाजूचा होतो. निदान शिकवणारा माणूस म्हणून. साध्या इंजिनाला डिस्मिस लावून त्याची मूठ कानाशी धरली की कुठला व्हॉल्व्ह वाजतो ते कळतं, आणि मी अशी कानानं शिकलेली पोरं पाहिली आहेत जी दहावीला दोनदा नापास झाली होती.

या भांडणाचा निकाल मात्र ना अंगणात लागला, ना शर्यतीच्या मैदानात. तो लागला दिल्लीत, २८ फेब्रुवारी २००६ ला. त्या दिवशीच्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. छोटी म्हणजे कोणती? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सी.सी.पर्यंत किंवा डिझेल १,५०० सी.सी.पर्यंत. या व्याख्येत टर्बोचा उल्लेखच नव्हता. फॉर्म्युला वननं भात्याची किंमत दुप्पट धरली, रॅलीनं १.४ आणि मग १.७. आपल्या अबकारी खात्यानं ती शून्य धरली! म्हणजे दीड लिटरचं साधं इंजिन ठेवलं तर कर जास्त, १,२०० सी.सी.ला टर्बो लावला तर कर कमी, ताकद तीच.

कंपन्यांना हे न कळतं तरच नवल. २०१३ साली चाकणहून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन १,१९७ सी.सी., टर्बो, १०५ अश्वशक्ती. सिटी व्हीटेकची अश्वशक्ती आठवा, १०६. तेरा वर्षांनंतर तीच ताकद तीनशे सी.सी. कमी घेऊन आली. २०१७ साली रांजणगावची टाटा नेक्सॉन आली, तिचंही पेट्रोल इंजिन १.२ लिटरचं टर्बो. ती स्पोर्ट्स कार नाही, कुटुंबाची गाडी आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, छोटी डिझेल इंजिनं अनेक कंपन्यांनी सोडून दिली आणि त्यांची जागा टर्बो पेट्रोलनं घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले, छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४०. मोजपट्टी मात्र तीच राहिली, लांबी आणि सी.सी.

युरोपातही वेगळं काही झालं नाही, फक्त तिथं कराच्या जागी धुराचे नियम होते. प्रयोगशाळेतल्या चाचणीत छोटं टर्बो इंजिन कमी कार्बन सोडताना दिसतं. त्यामुळं ज्यांच्या नावानं शौकीन शपथा घ्यायचे, ती इंजिनं एकेक करून गेली. बीएमडब्ल्यूच्या एम-फाइव्हचं पाच लिटरचं दहा सिलिंडरी साधं इंजिन २०११ साली टर्बो व्ही-एटनं बदललं गेलं. नव्या गाडीत आवाज कमी पडतो हे कंपनीलाही ठाऊक होतं. म्हणून तिनं इंजिनाचा आवाज गाडीतल्या स्पीकरवर वाजवायला सुरुवात केली! फेरारीची ४५८ गेली आणि २०१५ साली टर्बोवाली ४८८ आली. त्याच वर्षी पोर्शेच्या साध्या ९११ कॅरेरालाही टर्बो बसला. २००२ साली सचिन तेंडुलकरला मिळालेली आणि पुढं आयात शुल्कावरून गाजलेली फेरारी ३६० मोडेना ही साध्या श्वासाची गाडी होती, हे आता सांगितलं तर नव्या पोरांना खरं वाटत नाही.

या सगळ्यात वाईट काय झालं? टर्बोवाल्यांचा एक मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो. आजच्या टर्बोत जुना लॅग फारसा उरलेला नाही, पेट्रोल भरलेली भारवाही गाडी घाटात हसत चढते, आणि ओव्हरटेक करताना जीव टांगणीला लागत नाही. पण दोन गोष्टी मला खुपतात. जांबरगावला समृद्धी महामार्गावर चढलं की टर्बो पेट्रोल गाडी कधी १२० ला पोचते ते कळत नाही. इंजिन दोन-अडीच हजार फेऱ्यांवर गुणगुणत असतं. जुनी साधी गाडी नव्वद-शंभरला ओरडून सांगायची, की बाबा, आता पुरे. वेगाची सूचना कानाला मिळायची, ती आता काट्याकडं पाहिलं तरच मिळते.

दुसरी गोष्ट पोटाची. टर्बो पेट्रोल गाडी बिघडली की पहिल्यांदा स्कॅनर लागतो, आणि तो कंपनीचा हवा. टर्बोचा पंखा दुरुस्त करायचा नसतो, अख्खा नगच बदलायचा असतो. डिस्मिस कानाला लावून काही कळत नाही. ज्या पोरानं मुंबई-नागपूर रस्त्यालगत टपरीएवढं गॅरेज टाकलं, त्याच्याकडं अशी गाडी आली तर तो ती हवा भरून पुढं पाठवतो. त्यानं ट्रेड नीट शिकला नाही असं नाही. त्यानं कान तयार केले, आणि गाड्यांनी बोलणं बंद केलं. माझा सिटीवाला विद्यार्थी आता संभाजीनगरला एका सर्व्हिस सेंटरमध्ये दिवसभर स्कॅनर धरून उभा असतो. पगार बरा आहे. आरएसवाल्यानं गॅरेज बंद करून टायरचं दुकान घेतलं. टायर दोघांच्याही गाडीला लागतात, म्हणतो.

आजचं चित्र मोठं विचित्र आहे. पोर्शेनं २०२४ साली नवी ९११ जीटी-३ काढली, चार लिटरचं साधं इंजिन, ५१० अश्वशक्ती आणि नऊ हजार फेरे. भारतात तिची किंमत अडीच कोटींहून जास्त. दुसऱ्या टोकाला, त्याच वर्षी आलेल्या मारुती स्विफ्टमध्ये १.२ लिटरचं साधं तीन सिलिंडरी इंजिन आहे, आणि वैजापूरच्या बाजारात उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारसायकलीत आणि पेट्रोलच्या रिक्षात साधंच इंजिन आहे. म्हणजे स्वतःच्या छातीनं श्वास घेणारं इंजिन आता अगदी वरच्यांकडं आणि अगदी खालच्यांकडं टिकून आहे. मधली बरीच जागा भात्यानं घेतली.